गाडी रोज शेताला जाईल

देवणी, जि. लातूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. शिवानीस मोठ्याकाकाचा आशीर्वाद.

दिवाळीत तू आलीस, माझ्या बॅटरीच्या स्कूटरच्या सीटखाली साबणाच्या वडीएवढी काळी डबी बसवलीस आणि चिवड्याचा डबा घेऊन नांदेडला गेलीस. डबीत सिमकार्ड आहे, ती गाडीची सगळी खबर तुझ्या संगणकाला देते, इथवर मला समजलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण काल फोनवर तू जे बोललीस त्यानं मला जेवण गोड लागलं नाही. "मोठेकाका, माझं मॉडेल म्हणतं, बसव जयंतीपर्यंत तुमच्या बॅटरीची ताकद पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली जाणार." आणि वर हसलीस.

अगं, आख्खी उमर मी अडतीच्या दुकानात बसून काढली. तूर बघून सांगतो, डाळ किती पडेल. पण मुठीत घेऊन, दाताखाली धरून सांगतो. तू नांदेडात बसून, गाडीला हात न लावता तिचं मरण सांगतेस?

तुझ्या बापानं, आमच्या अमरनाथनं, आख्ख्या लातुरात सांगून ठेवलंय की पोरगी बॅटरीवर पीएच.डी. करून राहिली. लोक मला विचारतात, कोणती बॅटरी बनवली? मी म्हणतो, बनवत नाही, संगणकात तिची नक्कल करते. मग लोक गप्प बसतात. त्यांच्या त्या गप्प बसण्याचं मला लई वाईट वाटतं.

म्हणून पैज. फोनवरच्या बोलण्याला साक्षीदार नसतो, तेव्हा पैज संपेपर्यंत गाडीबद्दल एक शब्द फोनवर बोलायचा नाही. जे काही असेल ते कागदावर, सहीनिशी. अट अशी की, गाडी रोज शेताला जाईल आणि रोज घरी येईल. बसव जयंतीला तू येऊन बॅटरी मोजशील. पंच्याऐंशीच्या खाली गेली असेल तर तुझा अभ्यास संपेपर्यंत लग्नाचा विषय माझ्या तोंडून निघणार नाही. वर राहिली तर निलंग्याचा मुलगा बघायचा. अमरेश नाव. सोलर पंपाची एजन्सी आहे, म्हणजे तुझ्याच लाइनीतला.

मंजूर असेल तर सही करून पाठव. तुझी काकू शेजारी बसून "साकु, साकु" करून राहिली. तिच्या माहेरच्या भाषेत त्याचा अर्थ 'पुरे' असा होतो. पण पुरे नाही.

तुझा मोठाकाका,
संगप्पा


नांदेड
२० नोव्हेंबर २०२४

ती. मोठेकाकांना शिवानीचा नमस्कार.

पत्र मिळालं. होस्टेलच्या वॉचमननं ते मला देताना विचारलं, "मॅडम, कोर्टाची नोटीस आहे का?" हल्ली पत्र म्हटलं की लोकांना तेच सुचतं.

मोठेकाका, मी मरण सांगत नाही, थकवा सांगते. माझ्या संगणकात तुमच्या बॅटरीची जुळी बहीण आहे असं समजा. देवणीतली जे सोसते तेच मी नांदेडातलीला सोसायला लावते. तेवढंच ऊन, तेवढंच चार्जिंग, तेवढाच चढ. मग जुळीला पुढचे महिने भराभर जगायला लावते आणि बघते, कुठं दमते. तुमची गाडी दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये तापते, आणि तुम्ही तिला कायम शंभर टक्के भरून ठेवता. भर उन्हात गळ्यापर्यंत जेवून बसलेल्या माणसाचं जे होतं, तेच बॅटरीचं होतं.

हे सगळं मी का करते तेही सांगते. बॅटरीची बहुतेक मॉडेलं थंड देशांतल्या प्रयोगशाळेत तयार झाली आहेत. आपल्या उन्हाळ्यात ती चुकतात. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण यावरच आहे. नांदेडच्या तीन गाड्या, मुखेडची एक, शिरूर अनंतपाळची एक आणि तुमची. जूनमध्ये प्रबंध द्यायचाच आहे. मला मिळायची ती मुदतवाढ मिळून संपली. आमच्या गाइड मंजुश्री मॅडम म्हणतात, आता युनिव्हर्सिटीला दया येणार नाही आणि त्यांनाही येणार नाही.

पैज मंजूर. सही खाली केली आहे. गाडी जशी वापरता तशीच वापरा, एवढंच.

तुमची,
शिवानी


देवणी
६ जानेवारी २०२५

चि. शिवानीस आशीर्वाद.

सहीचं पत्र मिळालं. बसवण्णांच्या फोटोमागं ठेवलंय. गाडी मजेत आहे. रोज शेताला जाते आणि येते.

आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं. त्याच्याकडंही अशीच गाडी आहे. तो बिचारा विचारून राहिला की बॅटरीला नेमकं काय मानवतं. ऊन किती चालतं? चार्ज कितीपर्यंत करावं? ओझं, चढ, खड्डे यांनी काय होतं? तो साधा माणूस आहे, तेव्हा जरा उलगडून लिही. घाई नाही, पण ह्या आठवड्यात लिही.

तुझा,
मोठाकाका


नांदेड
१३ जानेवारी २०२५

ती. मोठेकाकांना नमस्कार.

तुमच्या गिऱ्हाइकाचं मला फार कौतुक वाटलं. असं विचारणारा माणूस इथं डिपार्टमेंटमध्येही मिळत नाही. त्यांना सांगा, बॅटरीला आपल्यासारखंच पंचवीस-तीस डिग्रीत बरं वाटतं. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं, पार रिकामी होऊ देऊ नये. भरधाव पळवणं, दोघा-तिघांनी बसणं, पोती लादणं, सगळ्याचा त्रास होतो. आणि गाडी जितकी कमी चालेल तितकी बॅटरी जास्त टिकेल, पण मग गाडी घेतलीच कशाला!

त्यांचं नाव कळवा. प्रबंधात आभार मानीन.

तुमची,
शिवानी


नांदेड
२९ मार्च २०२५

ती. मोठेकाकांना नमस्कार.

मी फार काळजीत आहे. काल दोनदा फोन केला. तुम्ही "पैज चालू आहे, कागदावर लिही" म्हणून ठेवून दिलात. काकूंना फोन द्या म्हटलं तर "तीही पैजेत आहे" म्हणालात. म्हणून लिहिते.

तुमच्या गाडीची डबी मला काय काय सांगते ते ऐका. देवणीत भर दुपारी एक्केचाळीस डिग्री, आणि तुमची बॅटरी सत्तावीसवर. महाबळेश्वरला गेल्यासारखी. चार्जिंग ऐंशीला काटेकोर थांबतं. इथवर मी समजू शकते. पण गाडी रोज सकाळी घरून निघते आणि माणसाच्या चालीनं शेताकडं जाते. बॅटरीतून करंट शून्य. चाक एकदाही फिरत नाही, आणि गाडी चार किलोमीटर पुढे जाते! संध्याकाळी तशीच परत येते. कुणी चोरून नेतं म्हणावं, तर हा चोर रोज दिवेलागणीला गाडी जागेवर आणून ठेवतो.

तुम्ही पडला-बिडला नाहीत ना? गाडी ढकलत नेता का? छातीत दुखतं का? बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

दुसरी काळजी माझी. मंजुश्री मॅडमनी हे आकडे पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्मा काढतात तेव्हा आम्ही सगळे उभे राहतो. म्हणाल्या, "शिवानी, हे आकडे गाडीचे नाहीत. हे घरी बसून बनवलेले आहेत. आणि बनवणाऱ्याला बनवताही येत नाही." मी शपथ घेतली. त्या म्हणाल्या, शपथ प्रबंधात छापता येत नाही. शिरूर अनंतपाळच्या गाडीची डबी उंदरांनी कुरतडली, ती आधीच गेली. तुमची गाडीही काढली तर ते प्रकरणच उभं राहत नाही. मग जून गेला, आणि जून गेला की रजिस्ट्रेशनही जाईल.

काय चाललंय ते कृपा करून लिहा.

शिवानी


देवणी
४ एप्रिल २०२५

चि. शिवानीस आशीर्वाद.

माझी तब्येत ठणठणीत. गाडीची त्याहून ठणठणीत. अटीप्रमाणं गाडी रोज शेताला जाते आणि रोज घरी येते. कशी जाते हे सांगायला मी बांधलेला नाही. अट परत वाचून बघ.

तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग की ह्या घराण्यात आकडे बनवत नाहीत. मोंढ्यात कुणालाही विचारा.

मोठाकाका

ता. क. शिवानी बाळा, मी काकू लिहिते. हे पाकीट डिंकानं चिकटवायला माझ्याकडं देऊन अंघोळीला गेले. माझा टेबलफॅन जानेवारीपासून मला मिळालेला नाही. तुझ्या मॅडमच्या हातात काही असेल तर बघ.


देवणी
१६ एप्रिल २०२५

चि. शिवानीस अनेक आशीर्वाद.

परवा तू आणि तुझ्या मॅडम न कळवता याल असं मला वाटलं नव्हतं. मॅडमपुढं मला नीट बोलता आलं नाही, म्हणून माझी बाजू लिहितो.

तुम्ही शेताच्या रस्त्यावर ऑटोतून उतरलात तेव्हा समोरून मी येत होतो, हे खरं. बैलगाडीत होतो, हे खरं. गाडीत कडब्याची गादी, गादीवर स्कूटर उभी, चारी बाजूंनी दावणीनं बांधलेली, अंगावर ओली पोती, हेही खरं. छत्री मी स्कूटरवर धरली होती आणि स्वतः उन्हात होतो. त्यावर मॅडम जे हसल्या त्याचं मला वाईट वाटलं नाही. बैल मात्र बिचकले. आपल्या देवणी जातीच्या बैलाला बाईमाणूस एवढ्या मोठ्यानं हसलेलं ऐकायची सवय नाही.

अट काय होती? "गाडी रोज शेताला जाईल." कशात बसून जाईल, हे लिहिलं होतं का? "जशी वापरता तशीच वापरा" हे तू लिहिलंस, पण ती विनंती, अट नव्हे. मी व्यापारी माणूस आहे. तू सही करण्याआधी वाचायला पाहिजे होतं.

मॅडमनी हसणं आवरून डोळे पुसले आणि म्हणल्या, "शिवानी, तुझा डेटा खरा आहे. खोटे आहेत ते तुझे काका."

मी म्हणलं, "मॅडम, खोटं काय केलं? बॅटरी जपली."

"जपली? अहो, तुम्ही हिचं एक वर्ष घालवत होतात! रजिस्ट्रेशन गेलं असतं तिचं."

शिवानी, हे मला खरंच माहीत नव्हतं. तू पत्रात लिहिलं होतंस, पण मला वाटलं तू पैज हरायला लागलीस म्हणून भीती घालतेस. बाजारात असं करतात. मी परत बघायच्या आधी तू बैलगाडीच्या मागं जाऊन उभी राहिलीस. हसत होतीस की रडत होतीस, मला समजलं नाही. बैल धरले होते, मागं वळता आलं नाही.

तर आता सरळ सांगतो. तुझं वर्ष वाचत असेल तर पैज गेली खड्ड्यात. उद्यापासून गाडीवर दोन पोती तूर लादतो, भर उन्हात उदगीर गाठतो, आल्यावर पत्र्याखाली शंभर टक्के चार्ज करतो. बसव जयंतीपर्यंत तिला पार पंच्याऐंशीच्या खाली आणून दाखवतो. जिवावर येईल, पण करतो. फक्त कळव.

आणि ते दुकानातलं गिऱ्हाईक म्हणजे मीच. तुला समजलं असेल.

मोठाकाका


नांदेड
२२ एप्रिल २०२५

ती. मोठेकाकांना नमस्कार.

काही करू नका! तूर लादू नका, उदगीरला जाऊ नका, गाडी बैलगाडीतून उतरवू नका. जे करत होता तेच करा. फक्त ओली पोती गाडीच्या अंगावरून काढून शेडच्या पत्र्यावर टाका. पाणी आणि बॅटरी यांचं जमत नाही. मला ते दिसलं तेव्हा हसूही आलं आणि रडूही. बैलगाडीच्या मागे मी दोन्ही करत होते.

परतीच्या एसटीत मॅडम उदगीर येईपर्यंत एकट्याच हसत होत्या. पुढे गंभीर झाल्या. म्हणाल्या, "तुझं मॉडेल काकांच्या गाडीवर चुकलं, कारण तू त्याला सांगितलंस की हा नेहमीसारखा माणूस आहे. आता खरं सांग. बैलगाडी, पोती, पंखा, ऐंशी टक्के, सगळं. आणि मोजायच्या आधी आकडा माझ्या हातात दे. मोजल्यावर सगळ्यांनाच शहाणपण येतं. आकडा जुळला, तर चार शहाण्या गाड्यांपेक्षा ही एक गाडी भारी. नाही जुळला, तर घरी जा."

तीन दिवस संगणक चालत होता. आकडा मी मॅडमना दिला आहे. तुम्हाला सांगत नाही. तुमच्यावर विश्वास आहे, पण तुम्ही व्यापारी आहात.

बसव जयंतीला येते.

शिवानी


नांदेड
३ मे २०२५

ती. मोठेकाकांना आणि काकूंना नमस्कार.

मिरवणुकीच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही. एकीकडे बैलांना झुली चढत होत्या, दुसरीकडे मी ओसरीवर वायरी पसरून बसले होते, आणि गल्लीतली निम्मी माणसं बसवण्णांची पालखी सोडून मीटरकडं बघत उभी होती. नंतर तो आकडा तुम्ही ज्या आवाजात जाहीर केलात, तो बहुधा वलांडीपर्यंत गेला असेल.

साडेनव्वद. मॅडमना दिलेला माझा आकडा होता एक्याण्णव.

मॅडमना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "लिहायला लाग." यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी आजवर कुणाचं केलेलं नाही.

म्हणजे मॉडेल बरोबर ठरलं आणि पैज मी हरले. सही माझी आहे. मुलाकडच्यांना बोलवा. मी जूननंतर येऊन बघीन. मात्र बघीन म्हणजे बघीन, एवढंच. लग्न करीन असं अटीत नव्हतं. तुम्हीही वाचायला पाहिजे होतं.

तुमची,
शिवानी


देवणी
२४ मे २०२५

चि. शिवानीस आशीर्वाद.

हे पत्र लिहायला चार दिवस टाळाटाळ केली. काकू म्हणली, आज लिहिलं नाही तर मी लिहीन. म्हणून लिहितो.

मुलाकडचे म्हणाले, मुलगी जूननंतर बघू, आधी घर बघून जातो. मी म्हणलं, या. अमरेश आणि त्याचे वडील आले. मुलगा उंचापुरा, कपडे झकपक, बोलायला गोड. काकूनं खायला चुरमुऱ्यांची सुशीला केली. चुरमुरे ती उदगीरहून मागवते, तुला माहीत आहे. सगळं बरोबर चाललं होतं. मी मनात म्हणलं, काम झालं.

हात धुवायला म्हणून अमरेश मागच्या अंगणात गेला. तिथं गाडी. पत्र्यावर पोती, खाली वाळा, पंखा चालू. पंखा आता गाडीचा वेगळा घेतलाय, काकूचा काकूला दिला. तो बघत राहिला आणि मोठ्यानं म्हणला, "काका, हिचं बाळंतपण आहे का?"

मी हसलो. पाहुणा आहे म्हणून हसलो. मग म्हणलं, "तसं नाही. ऊन लागलं की बॅटरीच्या आत एक थर जाड होत जातो. एकदा झाला की परत पातळ होत नाही. म्हणून आधीच जपायचं."

तो म्हणला, "अहो काका, एवढी कटकट कोण करतं? गेली की फेकायची, नवी टाकायची. आम्ही एजन्सीत गिऱ्हाइकाला हेच सांगतो."

"गेली का, हे तरी मोजता का?"

"मोजायचं कशाला? बंद पडली की गेली."

शिवानी, मला काय झालं मला समजलं नाही. मी त्याला तिथंच उभा करून सगळं सांगायला लागलो. जुळी बहीण कशी असते, ऐंशीला का थांबायचं, थंड देशातलं गणित आपल्या उन्हात का चुकतं. त्याचे वडील चमचा हातात धरून दारात येऊन उभे राहिले. चमच्यातले चुरमुरे एकेक करून खाली पडत होते. काकू मागून पदर ओढत होती, "साकु, साकु." मी थांबलो नाही. तिकडं अमरेशनं मोबाइल काढला आणि बघायला लागला. माझं बोलणं चालू असताना!

मी म्हणलं, "मुलगी सध्या अभ्यासात आहे. एवढ्यात लग्नाचा विचार नाही."

त्याचे वडील म्हणाले, "अहो, तुम्हीच तर बोलावलं."

"बोलावलं होतं. आता विचार बदलला."

ते निघून गेले. सुशीला निम्मी शिल्लक राहिली. तुझ्या बापाचा, अमरनाथचा फोन आला, लई चिडला. मी म्हणलं, फोनवर नको, कागदावर लिही.

पैज जिंकून मी काय मिळवलं, ते बसव जाणे. तू तुझं लिहिणं पूर्ण कर.

मोठाकाका


नांदेड
१ जून २०२५

ती. मोठेकाकांना नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. एकदा स्वतःसाठी, एकदा होस्टेलच्या पोरींसाठी, एकदा मंजुश्री मॅडमसाठी. थराबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते बरोबर आहे, असं त्यांनी कळवायला सांगितलंय.

प्रबंध बांधायला टाकला. आंब्याच्या दिवसांत आंबा न खाता लिहिला, तेव्हा तिकडं आले की बाबांच्या आधी तुमच्याकडं आंबे खायला येणार.

शिवानी


देवणी
१९ जानेवारी २०२६

चि. शिवानीस आशीर्वाद.

परवा नांदेडला तुझी जी तोंडी परीक्षा झाली, त्यात मी उभा राहून बोललो ते अमरनाथला आवडलं नाही. तो लातूर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. पण परीक्षा घेणारे मोठे साहेब स्वतः म्हणाले होते, "ही परीक्षा सर्वांसाठी खुली आहे. सभागृहातल्या कुणालाही प्रश्न विचारता येईल." मी सभागृहात होतो. मी कुणीही आहे.

तू पडद्यावर पाच रेघा दाखवल्यास. चार खाली जाणाऱ्या, एक वरच्या वर चालणारी. वरची माझी, हे मी लगेच ओळखलं, छाती भरून आली. शेजारच्या माणसाला सांगितलंही. तेवढ्यात तू इंग्रजीत म्हणालीस, "ॲबनॉर्मल युजर." इंग्रजी मला येत नाही, पण ॲबनॉर्मल समजतं. शेजारचा माणूस माझ्याकडं बघून जरा सरकून बसला.

म्हणून विचारलं. "साहेब, गाडी उन्हात मारणारे चार जण नॉर्मल, आणि जपणारा मी एकटा ॲबनॉर्मल, हे कसं?"

लोक हसले. बाहेरगावाहून आलेले ते परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं, लिहून घेतलं आणि तुला म्हणाले, "उत्तर द्या." तू मागं वळून पडद्यावरच्या रेघा बघायला लागलीस. मला वाटलं, पोरीची डिग्री माझ्या तोंडानं गेली. मंजुश्री मॅडमनी चष्मा काढला. मी आपोआप परत उभा राहिलो.

मग तू मराठीत बोललीस. म्हणालीस, "प्रश्न बरोबर आहे. आम्ही जास्त लोक जे करतात त्याला नॉर्मल म्हणतो. पण बॅटरीला विचारलं, तर ती ह्या एका माणसाला नॉर्मल म्हणेल. शब्द बदलावा लागेल." परीक्षक म्हणाले, एवढी एक दुरुस्ती करा, बाकी आमची काही तक्रार नाही, आणि टाळ्या झाल्या. मी बसायचं विसरून उभाच होतो. अमरनाथनं शर्ट ओढून बसवलं.

आता तो शब्द काय केलास ते कळव. आणि लोक विचारतात, कोणती बॅटरी बनवली? मी आता त्यांना बसवून घेतो आणि सगळं सांगतो. ते अजूनही गप्प बसतात. पण आता मला वाईट वाटत नाही. मी पुढं सांगत राहतो.

तुझा,
मोठाकाका


नांदेड
२७ जानेवारी २०२६

ती. मोठेकाकांना डॉ. शिवानीचा नमस्कार.

हे डॉ. मी पहिल्यांदा तुमच्या पत्रात लिहून बघितलं. कसं वाटतं?

तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हा पहिल्या क्षणी तुमचा राग आला. दुसऱ्या क्षणी उत्तर माहीत नाही म्हणून स्वतःचा आला. तिसऱ्या क्षणी दिसलं, की हा प्रश्न सहा वर्षांत कुणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा. परीक्षक जेवताना मॅडमना म्हणाले, "ते शेवटच्या रांगेतले प्राध्यापक कुठले?"

शब्द आता 'जपणारा वापरकर्ता' असा केला आहे. तुमचं नाव आभारात आहे. काकूंचंही आहे, पंख्यासाठी.

आता अभ्यास झाला, पैज झाली, परीक्षा झाली. गाडी बैलगाडीतून उतरवा आणि चालवा. ती चालवायलाच असते.

तुमची,
शिवानी


उदगीर
१५ फेब्रुवारी २०२६

शिवानी बाळा, आशीर्वाद.

मी गौरम्मा काकू. तुझं पत्र आलं, "गाडी चालवा" म्हणून. तुझे काका दोनदा वाचून म्हणाले, "अजून थोडे दिवस थांबू." मी थांबले नाही.

शेजारची पोरगी साक्षी, तिनं शेताच्या रस्त्यावर मला गाडी शिकवली. पहिल्या दिवशी कुंपणात गेले, दुसऱ्या दिवशी म्हशीत. तिसऱ्या दिवशी सरळ गेले. यात अवघड काहीच नाही गं. बटण दाबायचं, समोर बघायचं. इतकी वर्षं एसटीच्या फाट्यावर उभी राहायचे, आठवून हसू येतं.

काल सकाळी साडी खोचली, डोक्याला हेल्मेट बांधलं आणि उदगीरला निघाले, माझ्या धाकट्या बहिणीकडं, रुद्राणीकडं. तुझे काका दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "अगं, चढ आहे. ऊन आहे. बॅटरी तापेल." मी म्हणलं, तापू दे की थोडी. आरशात बघितलं तर वळणापर्यंत ते तसेच उभे होते.

वाटेत एका ट्रॅक्टरला मागं टाकलं.

इथं मजेत आहे. रुद्राणीनं हुरडा भाजला, दोघी माळ्यावर बसून खाल्ला. आईच्या घरातलं सगळं सगळं बोललो. सकाळपासून काकांचा दोनदा फोन आला. परत कधी येतीस, विचारतात. फोनवर बोलत नव्हते ना, आता बघ. मी सांगितलं, बॅटरी उतरली आहे, चार्ज झाली की निघते.

अजून चार्जिंगला लावलेली नाही.

तुझी,
काकू